तुमचे प्रश्न : नेट दणकून आहे, तरी ऑपरेशनचा व्हिडिओ का अडकतो?

मागच्या अंकात रिसर्च नेटवर्कवरून (म्हणजे युनिव्हर्सिट्या नि संशोधन संस्थांना जोडणारं त्यांचं स्वतःचं वेगवान नेटवर्क) ऑपरेशनं आणि एंडोस्कोपी (कॅमेऱ्याची नळी आत घालून बघणं) थेट दुसऱ्या देशातल्या वर्गात कशी दाखवतात त्यावर थोडंसं लिहिलं होतं, आणि मला वाटलं होतं दोन-चार जण वाचतील नि सोडून देतील, पण इनबॉक्स भरला. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, जे प्रश्न परत परत आले ते घेते.

ताई, यूट्यूबवर ऑपरेशनचे व्हिडिओ ढिगानं पडलेत. मग थेट दाखवायचा आणि त्यासाठी वेगळ्या नेटवर्कचा एवढा खटाटोप कशाला?
(मेडिकलचा विद्यार्थी, तिसरं वर्ष)

खरं सांगू का, नुसतं बघायचंच असेल तर रेकॉर्डिंगच चांगलं. थांबवता येतं, मागे नेता येतं, कंटाळवाणा भाग पळवता येतो. लाइव्ह म्हणजे भारी असं काही नसतं, हे मी इतक्या मीटिंगांमध्ये बोललेय की आता लोक मला बोलवायचेच बंद झालेत.

लाइव्ह लागतं ते मध्येच तोंड उघडायचं असेल तेव्हा. जठराच्या कॅन्सरचंच घ्या, अगदी सुरुवातीचा असेल तर तो गाठ बनून समोर येत नाही, अस्तराचा रंग जरासा वेगळा, कडा जराशी खडबडीत, बस एवढंच. शिकणारा म्हणतो "सर, तो डावीकडचा लालसर भाग काय आहे?" आणि एंडोस्कोपी करणारा डॉक्टर स्कोप, म्हणजे ती कॅमेऱ्याची नळी, तिथं वळवून जवळून दाखवतो. रेकॉर्डिंगमधला स्कोप तुमच्यासाठी वळत नाही.

आणि इथंच चित्राचा प्रश्न येतो. फुल एचडी कॅमेऱ्यातून कच्चं चित्र निघतं ते साधारण दीड गिगाबिट दर सेकंदाला, आणि नेहमीच्या स्ट्रीमिंगमध्ये ते दाबून पाच मेगाबिटच्या आसपास आणतात, म्हणजे तीनशेतला एक भाग उरला. क्रिकेटला हे चालतं हो, पण कॉम्प्रेशन आधी काय टाकून देतं तर बारीक रंगफरक आणि बारीक पोत, आणि इथं तर नेमकं तेच बघायचं असतं. त्यात लॅप्रोस्कोपीत (छोट्या छिद्रांतून कॅमेऱ्यानं केलेलं ऑपरेशन) कॉटरीचा, म्हणजे विजेनं जाळून रक्त थांबवायच्या हत्याराचा, धूर झाला की एन्कोडर (चित्र दाबणारं यंत्र) बिचारा गोंधळतोच.

जपानमध्ये फुकुओकाच्या क्युशू युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २००३ च्या सुमारास कोरियातल्या डॉक्टरांबरोबर हे सुरू केलं, फुकुओका आणि बुसानच्या मध्ये समुद्राखालून फायबर केबल होतीच. डीव्हीटीएस नावाचं सॉफ्टवेअर वापरलं, व्हिडिओ कॅमेऱ्यातून निघणारा डिजिटल सिग्नल आणखी न दाबता सरळ नेटवर सोडायचा, एका बाजूचे साधारण ३० मेगाबिट. लाखोंची कॉन्फरन्सिंगची मशीन नाही, साधा कॉम्प्युटर. मला ही गोष्ट फार आवडते कारण पैसा यंत्रात नाही, रस्त्यात होता, आणि रस्ता युनिव्हर्सिट्यांनी आधीच बांधून ठेवला होता. अमेरिकेत इंटरनेट-टू (१९९६ मध्ये ३४ युनिव्हर्सिट्यांनी सुरू केलेलं), युरोपात जेआँ, आशिया-पॅसिफिकमध्ये एपॅन, लॅटिन अमेरिकेत रेडक्लारा, आपल्याकडे नॅशनल नॉलेज नेटवर्क, हे सगळे एकमेकांना जोडलेले आहेत. ब्राझीलमध्ये तर रूते नावाचं टेलिमेडिसिनचं जाळंच त्यांच्या रिसर्च नेटवर्कवर उभं आहे, तिथं स्पेशालिटीप्रमाणे गट आहेत आणि ते ठरलेल्या वेळेला भेटतात.

आमच्या कॉलेजात एक गिगाबिटची लाईन आहे, स्पीड टेस्ट नऊशेच्या वर दाखवते. तरी परवाच्या सेशनला चित्र चौकोन-चौकोन होत होतं आणि प्रोफेसर सगळ्यांसमोर माझ्यावर चिडले. चूक कुठाय?
(कॉलेजचा नेटवर्क सांभाळणारा)

अहो तुमच्याबद्दल मनापासून वाईट वाटतं, कारण याच्यात शिव्या कायम नेटवर्कवाल्याला बसतात.

स्पीड टेस्ट सांगते नळाला पाणी किती, धार सलग आहे का ते सांगत नाही. नेटवर माहिती पॅकेटांच्या, म्हणजे छोट्या तुकड्यांच्या, रूपात जाते. ती टेस्ट टीसीपी नावाच्या पद्धतीवर चालते, त्यात वाटेत हरवलेलं पॅकेट परत मागवतात त्यामुळं शेवटी सगळं गोड दिसतं. लाइव्ह व्हिडिओ मात्र बहुतेक वेळा यूडीपीवर जातो, त्यात हरवलेलं परत मागवत नाहीत, कारण परत मागवून ते येईपर्यंत तो क्षण गेलेला असतो. हिशेब करा, ३० मेगाबिटचा स्ट्रीम म्हणजे सेकंदाला साधारण २७०० पॅकेटं. हजारात एक जरी गळलं तरी दर सेकंदाला दोन-तीन भोकं पडली, आणि दाबलेल्या व्हिडिओत एक भोक पुढच्या कित्येक फ्रेमवर पसरतं. म्हणून चौकोन. हजारात एक म्हणजे वेब ब्राउझिंगला कुणाच्या लक्षातही येणार नाही हो.

आता गळतं कुठं? मी पाहिलेल्या केसेसमध्ये समुद्राखालच्या केबलवर क्वचित, शेवटच्या शंभर मीटरमध्ये नेहमी. थिएटरच्या भिंतीतली जुनी केबल, एका टोकाला फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्हीकडून वाहतूक) नि दुसऱ्याला हाफ (एका वेळी एकाच बाजूनं) असं विजोड लागलेलं पोर्ट, कोपऱ्यातला पाच पोर्टचा स्वस्तातला नेटवर्क स्विच (केबली एकत्र जोडणारं खोकं) जो कुणी लावला ते कुणालाच माहीत नाही. आणि सगळ्यात मोठा संशयित फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी, प्रत्येक पॅकेट उघडून बघत बसणारा. ऑफिसच्या ईमेलसाठी घेतलेला डबा सलग व्हिडिओला दमतो. मोठमोठ्या युनिव्हर्सिट्या यासाठी असं जड ट्रॅफिक मुख्य फायरवॉलला वळसा घालून वेगळ्या वाटेनं काढतात, त्याला सायन्स डीएमझेड म्हणतात, त्यात सुरक्षा काढून टाकलेली नसते, फक्त नेमक्या मशीनपुरती नेमके नियम लावलेले असतात. तुमच्या सिक्युरिटीवाल्याला हे समजवायला वेळ लागेल, चहा पाजा.

करायचं काय तर आयपर्फ (नेटवर्क तपासायचं सॉफ्टवेअर) घ्या, यूडीपी मोडमध्ये, खऱ्या स्ट्रीमएवढ्याच वेगानं, थिएटरमधल्या त्याच सॉकेटपासून (तुमच्या टेबलावरून नाही, प्लीज) समोरच्या टोकापर्यंत निदान अर्धा तास चालवा आणि लॉस (किती पॅकेटं गळली) नि जिटर (पॅकेटं यायच्या वेळेतली कमीजास्त) दोन्ही लिहून ठेवा. तुमच्या रिसर्च नेटवर्कवाल्यांकडे परफसोनार (वाटेतल्या टप्प्यांवर सतत मोजमाप करणारी व्यवस्था) असेल तर मधल्या टप्प्यांचे आकडेही मिळतील, मग भांडण पुराव्यानिशी करता येतं. आणि टेस्ट सेशनच्या वाराला, सेशनच्याच वेळी करा. आमच्याकडे एकदा दिवसभर रिहर्सल झाली, सगळं मस्त, आणि दुसऱ्या दिवशी ऐन गाठ मारताना चित्र गोठलं, का तर बरोबर त्या वेळेला त्याच स्विचवरून एक्स-रेंचा बॅकअप सुरू झाला होता, दर आठवड्याला त्याच वारी होणारा. ते कुठल्याच डायग्रामवर नव्हतं, एका ज्येष्ठ टेक्निशियनच्या डोक्यात होतं, आणि त्याला आम्ही विचारलंच नव्हतं.

एवढ्या लांबून बोलताना लॅग येणारच ना? मग प्रश्नोत्तरं कशी जमतात?
(नर्सिंग ट्यूटर)

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे दहा हजार किलोमीटरला जायला ५० मिलिसेकंद, येऊन-जाऊन १००. एका बाजूचा उशीर दीडशेच्या आत असला तर गप्पा नैसर्गिक वाटतात असं धरतात. त्यामुळं अंतराचा बाऊ नको, उशीर बहुतेक वेळा एन्कोडर आणि बफर (चित्र सलग दिसावं म्हणून थोडा वेळ साठवून ठेवणं) घालतात. अपवाद उंचावरच्या स्थिर उपग्रहांचा, तिथं सिग्नल जवळजवळ ३६,००० किलोमीटर वर जाऊन खाली यायला पाव सेकंद खातोच.

७ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये बसून जाक मारेस्को आणि त्यांच्या टीमनं स्ट्रासबुर्गमधल्या बाईंचं पित्ताशय रोबोटनं काढलं, तेव्हा एकूण उशीर १५५ मिलिसेकंदांच्या आसपास होता, तो पण टेलिकॉम कंपनीनं खास राखून ठेवलेल्या लाईनवर. तिथं हात हलवायचे होते, तुम्हाला फक्त बोलायचंय. आवाजाचा प्रतिध्वनी येऊ देऊ नका आणि वर्गात एकच माइक चालू ठेवा, अर्धी कटकट तिथंच मिटते.

पेशंटचं काय? त्याची परवानगी घेतली की झालं का?
(सर्जन)

नाही झालं डॉक्टर. परवानगी पण वेगळी हवी, ऑपरेशनच्या फॉर्ममध्ये एक ओळ घुसवून नको. कोण बघणार, कुठल्या देशात, रेकॉर्ड होणार का, आणि नाही म्हटलं तरी उपचार तसेच मिळणार, हे सगळं त्याला समजेल अशा भाषेत. मग तांत्रिक भाग, जो कायम विसरला जातो : एंडोस्कोपीच्या मॉनिटरवर कोपऱ्यात पेशंटचं नाव नि नंबर असतो आणि तोच सिग्नल तुम्ही बाहेर पाठवता! ते आधी बंद करा. थिएटरचा माइक पण, कारण मागून कुणीतरी नाव घेऊन हाक मारतंच.

आणि एक थोडं टोचणारं. समोर दोनशे लोक बघत असले की काही हात जलद चालायला लागतात. युरोपियन असोसिएशन ऑफ यूरॉलॉजीनं २०१४ मध्ये लाइव्ह सर्जरीसाठी नियमच जाहीर केले, आणि त्यात पेशंटची बाजू सांभाळणारी वेगळी व्यक्ती नेमायची गोष्ट आहे. मला ते पटतं. शिवाय प्रक्षेपण तोडायचा अधिकार आधीच कुणाला तरी देऊन ठेवा, आणि तो माणूस आयोजक नसावा. माझ्यापुरतं म्हणाल तर नवीन ठिकाणी पहिले काही महिने ऑपरेशन थेट दाखवूच नये, रेकॉर्ड केलेली केस लावावी आणि करणारा डॉक्टर समोर थेट बसून बोलावा, प्रश्नोत्तरं तशीच रंगतात आणि टेबलावर कुणी पडलेलं नसतं.

आमच्याकडे रिसर्च नेटवर्क नाहीये, साधं ब्रॉडबँड आहे. आम्ही बाहेरच का?

नाही. वक्ता आणि थिएटर चांगल्या नेटवर्कवर असले आणि तिथून दुसरा, कमी बिटरेटचा, म्हणजे जास्त दाबलेला हलका स्ट्रीम काढला की ऐकणारा घरूनही येऊ शकतो. रंगफरक शिकायचे असतील तर स्थिर फोटो आधी पूर्ण क्वालिटीत मागवून घ्या, फाइल सावकाश उतरली तरी चालते. लाइव्ह चित्र फक्त कुठं बघायचं ते कळण्यापुरतं.

दोन देशांची वेळ जुळवायची सोपी पद्धत?

पत्रात वेळ कायम यूटीसीमध्ये (जगभर एकच धरलेली प्रमाण वेळ) लिहा, शेजारी दोन्हीकडची स्थानिक वेळ. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोनदा तपासा, काही देश घड्याळं पुढं-मागं करतात आणि सगळे एकाच दिवशी करत नाहीत, आम्ही एकदा रिकाम्या वर्गाला तासभर यकृत दाखवलंय.