जाळी आधी, सामान नंतर

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्याची उत्तरे

प्रश्न : डॉक्टरताई, आम्ही डिचोलीजवळच्या गावात राहतो. जुने कौलारू घर, मागे भाट, म्हणजे माडांची बाग. घरात दोन मांजरे आहेत, मनी आणि तिचा मुलगा बाळू. दिवसभर भाटात हिंडतात, जेवायला आणि झोपायला घरी येतात. यजमानांची बदली पणजीला झाली आहे. ताळगाव किंवा पर्वरीत भाड्याने फ्लॅट बघतो आहोत. सासूबाई म्हणतात, मांजराला फ्लॅटमध्ये कोंडणे पाप आहे, इथेच शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवा. माझा जीव होत नाही. कितव्या मजल्यावरचे घर घ्यावे? सोसायटी अडवू शकते का? घरात काय काय करून घ्यावे?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, दोघांनाही बरोबर न्या. शेजारी वाडगाभर भात आणि नुस्त्याची (मासळीची) डोकी ठेवतील, पण मांजर दोन दिवस दिसले नाही तर त्याला शोधत कोण फिरणार? सासूबाईंची काळजी मात्र खरी आहे आणि तिचे उत्तर घर निवडतानाच द्यावे लागते. चढायला उंची, बाहेर बघायला खिडकी आणि रोज थोडी शिकार, एवढे मिळाले की भाटात वाढलेली मांजरेही फ्लॅटमध्ये रुळतात. मी म्हापशाला रोज अशी मांजरे बघते.

घर बघायला जाल तेव्हा खोल्या मोजण्याआधी खिडक्या बघा. प्रत्येक खिडकी, गॅलरी, आणि लोक विसरतात तो बाथरूमचा झरोका. त्याच्या तिरप्या काचपट्ट्यांमधून मांजर सहज निसटते आणि पलीकडे असतो डक्ट, म्हणजे नळांसाठी ठेवलेली उभी पोकळी, तळापर्यंत सरळ खाली. तिथे पडलेले मांजर दिसत नाही, नुसते ओरडणे ऐकू येते. ग्रिलच्या दोन पट्ट्यांमधून मांजराचे डोके गेले की धडही जाते, हेही ध्यानात ठेवा. नव्या इमारतींत गॅलरीला काचेचा कठडा असतो. दिसायला सुंदर, पण खाली फट आणि वर गुळगुळीत कड. उडी मारून वर आलेल्या मांजराला तिथे नख रोवायला जागाच मिळत नाही.

मांजर कुठूनही पडले तरी पायांवर उतरते आणि त्याला काही होत नाही, हे ऐकून ऐकून माणसे निर्धास्त होतात. हवेत वळून पाय खाली आणण्याची कला त्याच्यात आहे, हे खरेच. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयातील डॉक्टरांनी १९८७ साली उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास छापला. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली आणि हाच आकडा सगळीकडे सांगितला जातो. त्यात दवाखान्यापर्यंत आणलेलीच मांजरे होती, जागीच गेलेली नव्हती, एवढे सांगायचे राहून जाते. शिवाय वाचलेल्यांतल्या बहुतेकांच्या छातीला मार होता. माझ्या टेबलावर येतात ती फाटलेला टाळू, मोडलेला जबडा आणि फुप्फुसाबाहेर साठलेली हवा घेऊन. मांजर मूर्खपणाने पडत नाही. कठड्यावर पेंगते, किंवा पाखराच्या मागे सगळे भान विसरते.

म्हणून मजल्याचे माझे उत्तर असे, की जाळी बसली तर कुठलाही मजला चालेल आणि बसली नाही तर कुठलाच नको. तरी निवड करायची झाली तर मी नव्या टॉवरच्या नवव्या मजल्यापेक्षा जुन्या इमारतीतला दुसरा मजला घेईन, तोही बाहेर आलेल्या पेटीसारख्या ग्रिलचा. त्या ग्रिलला आतून जाळी मारली की मांजराची स्वतःची गॅलरी तयार होते. तळमजला तुम्हाला भाटासारखा वाटेल, पण ताळगाव-पर्वरीत दाराबाहेर भरधाव गाड्या, भटके कुत्रे आणि परके बोके आहेत, पावसात बेडकांमागून सापही येतात. तुमच्या मांजरांना गावातल्या वाटा ठाऊक आहेत, इथल्या नाहीत.

जाळी कुठली? डासांची नायलॉनची जाळी नखाने एका रात्रीत फाटते. गॅलरीला कबुतरांसाठी लावतात ती जाड, गाठींची जाळी चालते, पण हूक वितीवितीवर हवेत, खालची कड सैल नको आणि दर पावसाळ्यानंतर ती हाताने ओढून बघायला हवी, कारण उन्हाने नायलॉन कुजते. पिल्लू असेल तर भोक इंचापेक्षा मोठे नको. खिडक्यांना मी स्टेनलेस स्टीलचीच सुचवते, ॲल्युमिनियमच्या चौकटीत. साधी लोखंडी जाळी आपल्या खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजते. अगदी समुद्रालगत, म्हणजे करंझाळे किंवा दोनापावलाला घर घेतलेत, तर ३१६ प्रतीचे स्टील मागा, ते ३०४ पेक्षा खाऱ्या हवेला जास्त टिकते. जाळीचा आणखी एक फायदा गोव्यात फार मोलाचा आहे, तो म्हणजे खिडक्या उघड्या राहू शकतात. मे महिन्यात वीज गेली किंवा जुलैत भिंतींना बुरशी आली, की बंद फ्लॅटमध्ये माणसाचेच हाल होतात, मग मांजराचे काय बोलायचे!

आता सोसायटी. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. पण तुम्ही भाडेकरू आहात, तुमचा खरा प्रश्न घरमालकाशी आहे. करारनाम्यात दोन वाक्ये लिहून घ्या : दोन मांजरे ठेवण्यास हरकत नाही, आणि खिडक्या व गॅलरीला काढता येईल अशी जाळी बसवण्यास परवानगी आहे. ‘ठेवा हो मांजरे, काय होतंय’ असे तोंडी सांगणारे मालक ड्रिल भिंतीला लागले की वेगळे बोलू लागतात. दुसरे वाक्य लिहून द्यायला कोणी तयार नसेल, तर घर कितीही आवडले तरी ते सोडा. चावी मिळाली की आधी जाळीवाला बोलवा, मग टेम्पो.

आतल्या मांडणीत सगळ्यात जास्त विचार करा तो मातीच्या डब्याचा, म्हणजे मांजरांच्या शी-शूच्या जागेचा. दोन मांजरांना तीन डबे, आणि तिन्ही एका रांगेत नकोत, कारण एकाने वाट अडवली की दुसरे कोपऱ्यात किंवा गादीवर जाते आणि मग त्यालाच मार बसतो. बाजारातले ट्रे बहुधा लहान पडतात. कपडे ठेवायचा उथळ, रुंद प्लास्टिकचा टब आणा, मांजराच्या दीडपट लांबीचा. तुमच्या मांजरांना भाटातली माती माहीत आहे, तेव्हा येताना तिथली कोरडी माती पिशवीभर आणा आणि सुरुवातीला लिटरवर, म्हणजे डब्यात भरायच्या विकतच्या मातीवर किंवा दाण्यांवर, पसरा, वासाने त्यांना लगेच कळेल. पुढे ती कमी करत न्या. किनाऱ्यावरची वाळू आणू नका; ती खारट आणि ओलसर असते, आणि किनाऱ्याचीच ती राहू दे. पावसात टोफूच्या (सोयाबीनच्या चोथ्याच्या) लिटरला बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात थोडेथोडेच ठेवा. बेंटोनाइटच्या, म्हणजे ओले झाले की गोळा होणाऱ्या चिकणमातीच्या लिटरचे गोळे संडासात टाकू नका, नळी तुंबते.

उंचीसाठी मांजरांना चढायचे तयार महागडे ‘झाड’ विकत घ्यायची गरज नाही. फूटभर रुंदीच्या दोन-तीन फळ्या, कपाटाच्या माथ्यावर जाता येईल अशा पायऱ्यांनी लावा, आणि तिथून उतरायला दोन वाटा ठेवा, म्हणजे बाळूने मनीला कोंडीत पकडायला नको. नखे घासायला जाड लाकडी खांब, कमरेएवढा तरी उंच, त्याला खालपासून वरपर्यंत काथ्याची दोरी घट्ट गुंडाळलेली. तो हलता कामा नये. हलणाऱ्या खांबाकडे मांजर पुन्हा फिरकत नाही, मालकाच्या सोफ्याकडे जाते. खांब कोपऱ्यात दडवू नका, झोपायच्या जागेशेजारी ठेवा, कारण उठल्या उठल्या अंग ताणायची त्यांना सवय असते.

फ्लॅटमध्ये सगळे हाताशी असते, म्हणून विषाचेही बघायला हवे. काळे फिनेल घरात आणूच नका. लादीवरचे फिनेल पंजाला लागते, मांजर पंजा चाटते, आणि त्याच्या यकृताला ते पचवता येत नाही. त्याच कारणाने पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेऊ शकते. पावसाळ्यात कपाटात ठेवतात त्या डांबराच्या गोळ्या आणि कुत्र्याच्या गोचिडांचे परमेथ्रिन असलेले औषध, हेही तसेच. गृहप्रवेशाला कोणी लिलीचा गुच्छ आणला तर तो दाराबाहेरच ठेवा, नुसते पराग चाटूनही मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात. मनीप्लांटने तोंडाची आग होते, तो टांगून ठेवा. तुळस खुशाल राहू दे. वॉशिंग मशीनचे दार नेहमी बंद हवे आणि सुरू करण्याआधी आत हात घालून बघायचे, रोज.

मनी आणि बाळूची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली नसेल, तर जायच्या निदान पंधरा दिवस आधी करून घ्या. बोका फ्लॅटमध्ये भिंतींवर फवारे मारतो आणि माजावर आलेली मांजरी रात्रभर ओरडते, मग सोसायटीच्या तक्रारी सुरू होतात. आणि ही दोघे मायलेक असली तरी त्यांना पिल्ले होतील! रेबीजची लस घरात राहणाऱ्या मांजरालाही लागते.

पहिले काही दिवस एकच खोली द्या. त्यात तुमची न धुतलेली गोधडी, डबा, पाणी. ती शेपटी वर करून दाराशी येऊ लागली की पुढची खोली उघडा. रात्री ओरडतील. उठून दार उघडू नका, पण रोज दिवेलागणीला दहा-पंधरा मिनिटे दोरीला पीस बांधून त्यांना धावडवा, पकडू द्या आणि मग जेवण वाढा. शिकार, जेवण, झोप हा त्यांचा क्रम आहे. सासूबाईंना पहिल्या आठवड्यात बोलवू नका. महिन्याने बोलवा.

प्रश्न : मला तिसरा महिना सुरू आहे. मडगावला दोन खोल्यांचा फ्लॅट, एक मांजर. घरचे म्हणतात, बाळासाठी मांजर सोडून ये. तसे करावेच लागेल का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही, सोडू नका. भीती टोक्सोप्लाझ्माची आहे, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या परजीवीची, आणि आजार खरा आहे. पण मांजर त्याची अंडी साधारणपणे आयुष्यात एकदाच, आठवडा-दोन आठवडे टाकते, आणि ती अंडी लागण करण्याजोगी व्हायला किमान एक दिवस जातो. म्हणून डबा रोज साफ करायचा आणि तो यजमानांनी करायचा. कोणीच नसेल तर हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. मांजराला कच्चे मांस देऊ नका, बाहेर सोडू नका. अर्धवट शिजलेले मांस, न धुतलेली कोशिंबीर आणि कुंड्यांतली माती यांपासून तुम्हाला मांजरापेक्षा जास्त धोका आहे. रक्ताची तपासणी तुमच्या डॉक्टरांना विचारून करून घ्या आणि हे उत्तर घरच्यांना वाचून दाखवा.

प्रश्न : आमचा फ्लॅट फोंड्यात, रस्त्याला लागून. नरकासुराच्या रात्री, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, पहाटेपर्यंत संगीत आणि फटाके. मांजर दोन दिवस जेवत नाही. काय करावे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : रस्त्यापासून सगळ्यात आतली खोली, बहुधा देवघराशेजारची किंवा कपडे ठेवायची, त्याच्यासाठी आधीच तयार करा. कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून पुढे पडदा सोडा, आत त्याचे अंथरूण. खोलीत डबा आणि पाणी, पंखा चालू. संध्याकाळपासूनच खोलीत घ्या, दार लावा आणि पाहुण्यांना सांगून ठेवा. लपले असेल तर ओढून काढून मांडीवर घेऊ नका, लपल्याने त्याची भीती कमी होते. माणसाची झोपेची गोळी कधीही देऊ नका. मांजराला शांत ठेवणारे औषध असते, पण ते वजन आणि मूत्रपिंडाची तब्येत बघून ठरवावे लागते, म्हणून दिवाळीच्या आठवडाभर आधी त्याला जवळच्या पशुवैद्याकडे दाखवा. एक दिवस जेवले नाही तर थांबता येते. दुसऱ्या दिवशीही तोंड लावले नाही, तर सणाची सुट्टी असली तरी फोन करा, कारण मांजर उपाशी राहिले की यकृतावर चरबी चढू लागते.