आजोबांच्या स्मृतिशिलेवर वडिलांचे नाव: अक्षर कसे जुळवायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांच्या कबरीवरच्या पांढऱ्या संगमरवरी दगडावर 1954 सालची तारीख आहे, खाली मोकळी जागा आहे, तिथे आता वडिलांचे नाव त्याच वळणात कोरून घ्यायचे आहे. फॉन्ट ओळखणाऱ्या साइटने एका फोटोला ‘टाइम्स न्यू रोमन’ म्हटले, दुसऱ्याला ‘ट्राजन’, आणि कोरणाऱ्याने पाठवलेला नमुना दगडाशेजारी परकाच दिसतो. वडील गेल्याचे वाचून वाईट वाटले. हे काम नीट व्हावे ही तुमची तळमळ पटते, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या साइटवर आता वेळ घालवू नका. तिच्याकडे जे संगणकी फॉन्ट आहेत त्यांतला सर्वांत जवळचा ती दाखवते. ‘यांतला एकही नाही’ हे उत्तर तिच्याकडून सहसा येत नाही. ट्राजन फॉन्ट 1989 साली आला, म्हणजे दगड खरोखर पन्नाशीच्या दशकातला असेल तर तो प्रश्नच मिटला. टाइम्स 1932 चा असला तरी तो वर्तमानपत्राच्या छपाईसाठी काढलेला होता. त्या काळातले बहुतेक कोरणारे अक्षर स्वतः आखत, किंवा कारखान्याच्या नमुना-तक्त्यावरून उतरवून घेत. अमेरिकेतल्या धंद्यात ‘मॉडिफाइड रोमन’, ‘कंडेन्स्ड रोमन’, ‘व्हर्मार्को’ अशी नावे अजून चालतात, पण एकाच नावाचे अक्षर दोन कारखान्यांत तंतोतंत सारखे असेलच असे नाही. म्हणून नावाचा शोध फार तर दिशा दाखवील. खरा नमुना तुमच्यासमोरचा दगडच आहे.

मात्र 1954 ही मृत्यूची तारीख आहे, कोरण्याची नव्हे. दगड काही वर्षांनी बसवलेला असू शकतो, किंवा आजीचे नाव नंतर दुसऱ्याच कारागिराने घातलेले असू शकते. तुमच्या फोटोत आजीच्या ओळीतला ‘5’ वरच्या ‘5’ पेक्षा अरुंद दिसतो, म्हणून मला ही शंका आली. दोन वेगळ्या कारागिरांचे हात असतील तर कोणत्या ओळीशी जुळवायचे हे घरच्यांनी आधी ठरवा. मी आजोबांची ओळ धरेन, कारण दगडाची मूळ मांडणी तिच्यावर उभी आहे.

आता मापे. फोटो अगदी समोरून, थोडे मागे उभे राहून झूम करून काढा. जवळून काढला की कडेची अक्षरे ताणली जातात. दगडाला टेकवून पट्टी ठेवा, ती फोटोत यायला हवी. उजेड एका बाजूने, दगडाला जवळजवळ घासून जाईल असा हवा. सकाळ-संध्याकाळचे ऊन चालते, नाहीतर आरशाने कवडसा टाका. पुसट अक्षर उठून दिसावे म्हणून पीठ, खडू, दाढीचा फेस असले काही चोळू नका, तारेचा ब्रश तर मुळीच नको. संगमरवर आम्लाने झिजतो आणि त्याच्या छिद्रांत गेलेले बाहेर काढणे अवघड असते. कागद ठेवून वर मेणखडू घासून ठसा घेण्याची जुनी पद्धत घट्ट ग्रॅनाइटवर ठीक आहे; पापुद्रे सुटलेल्या किंवा भुसभुशीत दगडावर नको, आणि अनेक दफनभूमींत तिला बंदीच असते. तुमच्यासाठी पारदर्शक फिल्म हलकेच टेकवून, वर मऊ मार्करने बाह्यरेषा गिरवणे पुरेसे आहे.

सगळी अक्षरे सारखी बोलकी नसतात. ‘आय’, ‘एल’, ‘टी’ यांच्यावरून फारसे कळत नाही. ‘आर’ची तंगडी सरळ आहे की वळलेली, ती पोटातून निघते की दांडीपासून, ‘जी’ला आत आडवी पट्टी आहे का, ‘एम’च्या बाजू उभ्या की फाकलेल्या, ‘एस’चे वरचे पोट खालच्यापेक्षा किती लहान, ‘क्यू’ची शेपटी कुठवर जाते, हे बघा. आणि सर्वांत आधी आकडे बघा. रोमन कोरीव अक्षरांचा आदर्श म्हणून ज्याचा दाखला दिला जातो तो रोममधल्या ट्राजनच्या स्तंभाचा लेख इ.स. 113 चा. त्यात ‘एच’, ‘जे’, ‘के’, ‘यू’, ‘डब्ल्यू’, ‘वाय’, ‘झेड’ ही अक्षरे नाहीत, आणि आपले आकडे तर त्या काळी तिथे नव्हतेच. त्यामुळे या वळणात काम करणाऱ्या प्रत्येकाला ही अक्षरे नि आकडे स्वतःच्या मनाने घडवावे लागले. ‘ओ’ आणि ‘ई’ सगळ्यांचे एकमेकांसारखे निघतात. कारागीर वेगळा कळतो तो ‘के’, ‘जे’ आणि ‘2’, ‘3’, ‘5’, ‘7’ मध्ये. आकडे सगळे एका उंचीचे आहेत की ‘3’, ‘4’, ‘5’, ‘7’, ‘9’ ओळीखाली उतरतात, हेही लिहून ठेवा.

वळणाइतकाच महत्त्वाचा असतो काप, आणि नमुना फसतो तो बहुधा इथेच. तुमच्या फोटोतल्या सावलीवरून अक्षरे छिन्नीने ‘व्ही’ आकारात कापलेली दिसतात: दोन उतार, तळाशी एक धारदार रेघ. अशा अक्षरात जाड रेघ खोल असते आणि बारीक रेघ उथळ. साधारण 60 अंशांच्या कोनात 6 मिलिमीटर रुंद रेघ कापली तर खोली 5 मिलिमीटरच्या आसपास येते, आणि 2 मिलिमीटरची बारीक रेघ जेमतेम पावणेदोन मिलिमीटर खोल जाते. रबरी स्टेन्सिल चिकटवून वाळूच्या माऱ्याने कोरलेले अक्षर याहून वेगळे: तळ खरखरीत नि गोलसर, जाड आणि बारीक रेघांच्या खोलीत फारसा फरक नाही. बाह्यरेषा शंभर टक्के जुळली तरी ‘व्ही’ कापाशेजारी असे अक्षर मेलेले दिसते, कारण त्यात उजेड-सावलीची ती मधली रेघ नसते. कोरणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: हाताने ‘व्ही’ काप देणार का? नाही म्हणाला तर दुसरा शोधा. एवढ्या एका बाबतीत तडजोड करू नये असे माझे ठाम मत आहे.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. संगमरवराचा पृष्ठभाग सगळीकडून 1 मिलिमीटर झिजला, तर 60 अंशांच्या कापात प्रत्येक रेघेची रुंदी सुमारे 1.15 मिलिमीटरने घटते. 6 ची रेघ 5 च्या खाली येते, 2 ची रेघ एकाच्याही खाली जाते. म्हणजे आज दिसणारे अक्षर मुळातल्यापेक्षा हडकुळे असू शकते, टोकांचे सेरिफ (रेघांच्या टोकांना काढलेल्या छोट्या आडव्या रेषा) तर सगळ्यात आधी जातात. सेरिफ झिजलेले अक्षर पाहून ‘हे बिनसेरिफचे आहे’ असा निष्कर्ष पुष्कळ जण काढतात. म्हणून मापे दगडाच्या सर्वांत टिकलेल्या भागात घ्या: कड्याच्या आडोशाला किंवा वाऱ्या-पावसाच्या उलट बाजूच्या ओळीत. एकच ‘ए’ तिथला आणि उघड्यावरचा असे शेजारी ठेवले की किती झीज झाली ते लगेच समजते.

मग जुळवायचे कशाशी, मूळ अक्षराशी की आजच्या झिजलेल्या? मूळ अक्षराशी. नवे अक्षर मुद्दाम पुसट कोरले तर काही वर्षांत ते वाचताही येणार नाही. ताज्या कापाचा शुभ्रपणा सुरुवातीला डोळ्यांत भरेल, तो हवेपावसाने आपोआप मंदावतो. डाग देऊन जुने दाखवण्याचे उद्योग करू देऊ नका.

शिसे भरलेल्या अक्षरांचे तंत्र वेगळे, तुमच्याकडे ती नाहीत. पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी: शिसे गळून पडले असले तरी ते अडकवायला पाडलेली बारीक भोके उरतात, आणि त्यांच्या मांडणीवरून गेलेले अक्षर बरेचदा ओळखता येते.

युद्धस्मशानांतले दगड हा अपवाद. कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाच्या शिळांवरची अक्षरे पहिल्या महायुद्धानंतर आरेखनकार मॅक्डोनल्ड गिल यांनी खास आखून दिली, आणि ती पँटोग्राफ यंत्राने (नमुन्यावरून अक्षर तसेच्या तसे उतरवणाऱ्या) हजारो दगडांवर एकसारखी उतरवली गेली. तिथे ‘मूळ आराखडा’ खरोखर आहे. पण त्या दगडांची देखभाल आयोगच करतो, घरच्यांनी हात लावायचा नाही.

वडिलांच्या नावातली जी अक्षरे आजोबांच्या ओळीत आहेत ती फिल्मवरून थेट घ्यायची. उरलेली त्यांच्यापासून बांधायची: ‘पी’ आणि ‘बी’चे पोट ‘आर’वरून, ‘यू’ची जाड-बारीक दांडी ‘एन’वरून, ‘जी’चा बाक ‘सी’वरून. आडनाव एकच असल्याने तुमचे निम्मे काम आधीच झाले आहे. अंतर मात्र पट्टीने समान ठेवू नका. ‘ए’ आणि ‘व्ही’ शेजारी आले की जवळ घ्यावे लागतात, दोन उभ्या दांड्या शेजारी आल्या की दूर. जुन्या कारागिराने हे कसे केले आहे ते आडनावातच दिसेल, तेवढेच अंतर पुढे चालवा.

दफनभूमीच्या कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्या. कबरीचा हक्क ज्यांच्या नावावर आहे त्यांची सही बहुतेक ठिकाणी लागते. मग कोरणाऱ्याकडून खऱ्या मापाचा कागदी नमुना मागवा, स्क्रीनवरचा नको. तो मोकळ्या जागेवर चिकटवून आधी हातभर अंतरावरून बघा, मग वाटेवरून बघा. जवळून सगळे बरोबर वाटते. ओळ जड झाली आहे की फिकी, हे लांबूनच कळते. नाव आणि तारखा मोठ्याने वाचून घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या, आणि त्यानंतरच मंजुरी द्या.

तोवर ‘आर’, ‘के’ आणि दोन्ही ओळींतले ‘5’ यांचे बाजूच्या उजेडातले जवळचे फोटो पट्टीसकट इथे टाका. दोन हात आहेत का, हे त्यावरून सांगता येईल.