डोंगरावर घर घ्यायचं आहे? आधी तिथला जुलै पाहा

मे महिन्यात चार दिवस महाबळेश्वरला किंवा उटीला राहून आलेले वाचक जूनमध्ये हमखास लिहितात : तिथली हवा इतकी छान, कायमचं राहायला जावं का? यातल्या बऱ्याच जणांनी तोवर टोकनही दिलेलं असतं. हा प्रश्न टोकन देण्याआधी विचारायचा असतो. तेच ते गैरसमज पुन्हा पुन्हा येत असल्याने काही प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देते आहे.

लोणावळा आणि महाबळेश्वर, दोन्हीकडची हवा सारखीच ना?

नाही. लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास आहे, महाबळेश्वर १३७० मीटरच्या. हजार मीटर चढलं की पारा साधारण सहा अंशांनी उतरतो, त्यावरून हिशेब करा.

महाबळेश्वरजवळच्या एका प्रकल्पाच्या जाहिरातीत ‘वर्षभर २० अंश, नैसर्गिक एसी’ असं लिहिलंय. आम्ही दोघंही निवृत्त. हा आकडा खरा का?

आकडा खोटा नाही. वर्षाची सरासरी विशीच्या आसपासच आहे. पण माणूस सरासरीत राहत नाही. आपल्या अक्षांशांवर वर्षभरातला चढउतार कमी आणि एका दिवसातला जास्त असतो. जानेवारीत दुपारी सदरा पुरतो आणि पहाटे दोन पांघरुणं लागतात. एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा तिशीला टेकतो, कधी पुढेही जातो. हवामानशास्त्रात उपोष्ण उंचप्रदेशीय हवामान म्हणायचं, तर सर्वांत उष्ण महिन्याचीही सरासरी २२ अंशांच्या खाली हवी. उटी त्यात सहज बसते. महाबळेश्वर उन्हाळ्यात ती रेघ ओलांडतं.

तरी उन्हाळ्याची मला काळजी नाही, काळजी जुलैची आहे. जुलैत तिथला पारा दिवसरात्र विशीच्या आगेमागेच राहतो. निव्वळ आकडा पाहिला, तर वर्षातला सगळ्यात सुखाचा महिना! जाहिराती नेमका याच आकड्यावर चालतात, आणि याचा मला मनापासून राग येतो. कारण त्याच महिन्यात हवेतली आर्द्रता शंभर टक्क्यांना भिडलेली असते, धुकं दुपारीही उठत नाही आणि वर्षाच्या साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पावसाचा मोठा वाटा तेव्हाच कोसळतो. एका जुलैत मी तिथे तीन आठवडे राहिले आहे. पहिल्याच आठवड्यात काडेपेटीच्या काड्यांचा गुल ओढताना निखळून पडायला लागला. मिठाला पाणी सुटलं. कपाटातल्या चामडी चपलांवर हिरवट बुरशी धरली. धुतलेला टॉवेल चौथ्या दिवशीही दमटच होता, शेवटी गॅसच्या शेगडीवर धरून वाळवला. तिथली जुनी माणसं पावसाळ्याआधी भिंतींना वाळलेल्या गवताच्या झडी बांधत आली आहेत, ती हौस म्हणून नव्हे.

म्हणून माझं सांगणं एकच : घर विकत घेण्याआधी त्याच गावात, शक्यतो त्याच उतारावर, जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत भाड्याने राहा. सोबत साधा आर्द्रतामापक न्या आणि रोज सकाळ-संध्याकाळ झोपायच्या खोलीतला आकडा लिहून ठेवा. हवामान खात्याच्या आकडेवारीत वार्षिक सरासरी पाहू नका. महिनावार पाऊस, पावसाचे दिवस आणि आर्द्रता पाहा. शेजाऱ्यांना विचारा की पावसाळ्यात धान्य कुठे ठेवता, वीज किती वेळ जाते, रात्री डॉक्टर मिळतो का. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, बांधकामावर निर्बंध आहेत. तेव्हा कागद वकिलाला आणि उतारावरचा पाण्याचा निचरा स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.

पाचगणी तर जवळच आहे. मग तिथेही तितकाच पाऊस?

नाही, ढोबळमानाने तिसरा हिस्सा. ढग सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावर चढताना रिकामे होतात, पूर्वेकडे उरलंसुरलं जातं. खाली वाईत त्याहूनही कमी. रोज राहायचं असेल तर महाबळेश्वर आणि पाचगणीतलं अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, पावसात मोजा. तरीही एक पावसाळा राहून बघाच.

वडिलांना दमा आहे. थंड हवेच्या ठिकाणी दमा, क्षय बरा होतो असं ऐकलंय. त्यांना कायमचं तिकडे न्यावं का?

ऐकीव गोष्टींवर आजारी माणसाला हलवू नका. या समजुतीला इतिहास आहे : डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी १९१२ मध्ये पाचगणीला क्षयरोग्यांसाठी बेल एअर आरोग्यधाम काढलं. तेव्हा क्षयावर औषधच नव्हतं. विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा एवढंच हाती होतं. आज क्षय औषधांनी बरा होतो, हवापालटाने नाही. दम्याचं म्हणाल तर दमट भिंतीवरची बुरशी आणि पहाटेचा गारठा, दोन्हींनी तो उसळू शकतो. शिवाय महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्के कमी असतो आणि उटीला, २२४० मीटरवर, जवळपास पाव हिश्श्याने कमी. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही, पण फुप्फुसं किंवा हृदय कमकुवत असेल तर जाणवू शकतं. छातीच्या डॉक्टरांना भेटा. त्यांना गावाचं नाव, उंची आणि मुक्कामाचे महिने सांगा, आणि ते म्हणतील तसंच करा.

महाबळेश्वरला शून्य अंश तापमान झाल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. इतकी थंडी आम्हाला झेपेल का?

वेण्णा तलावाकाठी गवतावर, होड्यांवर, गाड्यांच्या टपांवर दव गोठतं, हे खरं आहे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने सोडते आणि जड झालेली थंड हवा उतारावरून ओघळून तलावाच्या खळग्यात साचते. हवामान खात्याचा तापमापक मात्र जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंच, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. त्याच पहाटे तो कितीतरी अधिक आकडा दाखवतो, आणि दोन्ही खरे असतात. तुमचं घर खळग्यात आहे की टेकाडावर, हे विचारा. खळग्यात असेल तर घेण्याआधी जानेवारीतली एक पहाट तिथे काढा. रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर थंडीआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

मुलाची नैरोबीला बदली झाली आहे. विषुववृत्ताजवळ म्हणजे भयंकर उकाडा असेल ना?

नाही. शहर १७०० मीटरच्या आसपास आहे. जुलै तिथे ढगाळ आणि गारठ्याचा, त्यामुळे स्वेटर द्या. पाऊस दोनदा, मार्च ते मे आणि मग ऑक्टोबर ते डिसेंबर. ऊन मात्र उंचीमुळे तिखट लागतं, टोपी हवीच. लसींबद्दल प्रवासाच्या पुष्कळ आधी डॉक्टरांना विचारा, आदल्या आठवड्यात नव्हे.

उटीला मुलीकडे आले आहे. तासभर उकळूनही तूरडाळ शिजत नाही. पाण्याचा दोष का?

बहुतेक उंचीचा. तिथे पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं. कुकर लावा. तरीही डाळ टणक राहिली, तर पाणी तपासून घ्या.