रबाळ्यात रिगर (क्रेनला माल बांधणारा) म्हणून लागलास? आधी एवढं पक्कं कर

लोड चार्ट (क्रेन किती वजन उचलू शकते त्याचा तक्ता), दोन क्रेननी मिळून उचलणं, हे सगळं नंतर. सध्या तुझं काम स्लिंग (माल बांधायचे बेल्ट, वायर रोप), हूक आणि क्रेनवाल्याला द्यायचे इशारे.

सकाळी प्रत्येक बेल्ट पूर्ण लांबीभर हातातून फिरव. काप दिसला, शिवण उसवलेली असली किंवा क्षमतेचं लेबल गेलेलं असलं, तर सुपरवायझरला सांगून तिथेच कापून टाक. नुसता कोपऱ्यात फेकलास तर दुपारी कोणीतरी तोच उचलणार. वायर रोप मात्र हातमोज्याशिवाय चाचपू नकोस, तुटलेली तार बोटात शिरते.

नवीन पोरं सगळ्यात जास्त फसतात ती कोनात. दोन पायांच्या (हुकापासून मालाकडे दोन बाजूंना जाणाऱ्या) स्लिंगने एक टन उचलताना पाय आडव्यापासून ६० अंशांवर असतील तर प्रत्येकावर साधारण ५८० किलो ताण येतो. ३० अंशांवर आले की प्रत्येक पायावर अख्खा टन! स्लिंग आखूड पडली तर लांब माग. ‘चालतंय रे’ म्हणणारे भेटतीलच.

बाकी थोडक्यात:
- हवेतल्या मालाखाली कोणी नको, तूही नको. माल वळवायचा तो दोरीने, हाताने नाही.
- इशारे एकानेच द्यायचे. ‘थांब’ मात्र कोणीही म्हणू शकतो.
- ऐरोली-कळव्याकडे काम असलं तर आधी वर विजेच्या तारा बघ. पावसाळ्यात खाडीच्या भरावावर आउटरिगरखाली (क्रेनच्या बाजूला पसरणाऱ्या पायांखाली) जाड फळ्या हव्यातच.

कारखाने अधिनियम, १९४८ (२०२५ पर्यंत लागू) प्रमाणे क्रेन, साखळ्या, दोर यांची १२ महिन्यांतून एकदा तरी तपासणी लागायची. तपासणीचा दाखला बघायला माग. हसले तर हसू दे.