मोटर खाली सोडली, केबल अपुरी पडली (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : नमस्कार, आमचं सांगोला तालुक्यात दोन एकर डाळिंब आहे. बोअर साडेतीनशे फूट, साडेसहा इंची, ५ एचपीची थ्री फेज सबमर्सिबल २४० फुटावर सोडलेली. एप्रिल लागला की पाणी तुटतं, अर्ध्या तासात मोटर हवा ओढायला लागते, म्हणून ६० फूट खाली सोडायची म्हणतोय. पाइप आणून टाकलेत पण केबल कमी पडते. बोअरच्या तोंडाशी डब्यात जोड आहे, तिथून स्टार्टरपर्यंत २०० फूट वेगळी केबल गेलीय, दोन्ही अडीच एमएमच्या (अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या). बोअरवाला म्हणतो टेप मारून जोडून देतो, काही होत नाही. पण मेव्हण्याच्या बोअरला गेल्या एप्रिलात असाच जोड दिला होता, तो ऑगस्टमध्ये गेला आणि जाताना मोटर घेऊन गेला. काय करावं?

उत्तर : भाऊ, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, एप्रिल आणि ऑगस्ट हे दोन महिने बघा. वरच्या टोकाला ६० फूट केबल जोडली की तो जोड जमिनीपासून साधारण ६० फुटावर लटकतो. एप्रिलमध्ये बोअरचं पाणी दोनशेच्या खाली, म्हणजे जोड कोरडा, टेप काय सुतळी बांधली असती तरी मोटर चालली असती. पाऊस झाला, बोअर भरून वर आलं, जोड बुडाला, मोटर गेली. मी मेव्हण्याचा बोअर बघितलेला नाही पण माझा संशय तोच, कारण दर पावसाळ्यात माझ्या टेबलावर अशा मोटरी येतात. मागं एक आली होती, जोडावर टेप, त्यावर सायकलची ट्यूब, त्यावर परत टेप, चांगलं मनगटाएवढं गाठोडं. चिरलं तर आतून पाणी ठिबकलं आणि तांब्याच्या जागी हिरवा भुगा. एक फेज तिथंच तुटली होती, मोटर दोन फेजवर ओढत राहिली आणि वाइंडिंग काळं.

साधी काळी पीव्हीसी टेप वीज अडवते, पाणी अडवत नाही. तिचा डिंक ओला झाला की सुटतो, शिवाय खाली पाणी नुसतं लागत नाही, दाबानं घुसतं, दर ३३ फुटाला चौरस सेंटिमीटरमागं साधारण १ किलो दाब वाढतो. आणि एकदा शिरलं की वातीत तेल चढतं तसं ते तारांच्या मधून केबलीत लांबपर्यंत चढतं.

म्हणून माझा पहिला सल्ला, मधे जोडच नको. मोटरपासून बोअरच्या तोंडापर्यंत ३१० फुटाचा एकच अखंड तुकडा घ्या, चार एमएमचा. काढलेली २४० फुटाची जुनी केबल टाकायची नाही, ती बोअरपासून स्टार्टरच्या पेटीपर्यंत लावा, लागतात २०० फूट, म्हणजे दोन्ही टोकांची खराब बाजू कापूनसुद्धा पुरते. तिथं आत्ता असलेली केबल मोकळी होते, ती घरच्या कामाला. खर्च ६० फुटापेक्षा जास्त आहे हे मान्य, पण मोटर परत वर काढायची मजुरी आणि रिवाइंडिंग धरा आणि मग हिशोब करा. मोटरच्या शेपटीशी एक जोड कुणालाच चुकत नाही, कारण मोटरबरोबर केबल हात-दोन हातच येते. तो एक पक्का करायचा.

चार एमएम का, तेही सांगतो. तुमची एकूण केबल होणार ५०० फूट, म्हणजे १५२ मीटर. ५ एचपीची मोटर नऊएक अँपियर घेते. सगळी अडीच एमएम ठेवली तर केबलीतच १८-१९ व्होल्ट खाल्ले जातात, सगळी चार केली तर १२ च्या आसपास. ४१५ व्होल्टला तीन टक्के म्हणजे साडेबारा, तेवढं चालतं. मी सांगितलं तसं खाली चार आणि वर अडीच केलं तर १४-१५, थोडं जास्त पण निभेल. गंमत अशी की पेटीवरचा व्होल्टमीटर केबलीच्या अलीकडचा आकडा दाखवतो, तो ३६० दाखवत असेल तर खाली मोटरला ३४० मिळतायत हे तुम्हाला दिसतच नाही, आणि व्होल्टेज पडलं की मोटर जास्त अँपियर ओढते आणि तापते.

आता समजा पैशाची अडचण आहे आणि जोडच द्यायचाय. मग तो जोड बारा महिने पाण्यात बुडालेला राहणार आहे असं धरूनच द्या.

त्याआधी लाईट. स्टार्टर बंद केला म्हणजे झालं असं नाही, पेटीत ऑटो स्विच असतो, काहींना मोबाइलवरून चालू होणारा स्टार्टर असतो, तुम्ही तारा हातात धरून बसलेले आणि फीडरला लाईट आली की मोटर आपोआप सुरू. लाईट गेलीय तोवर उरकून घेऊ हे तर अजिबातच नको. मेन स्विच पाडा, तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढून खिशात घाला, पेटीला कुलूप लावा, मग टेस्टर तिन्ही फेजला लावून बघा. टेस्टरही आधी चालू लाइनवर लावून पेटतो का ते बघितलेला असावा. आणि हे काम लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घ्या, तुम्ही शेजारी उभं राहून मी खाली लिहितोय ते तो करतोय का एवढं बघा.

दोन्ही टोकं कापत मागं जा, लाल चकचकीत तांबं दिसेपर्यंत. काळं किंवा हिरवं दिसतंय तोवर तिथं पाणी येऊन गेलंय. वरची चपटी साल फूटभर सोला, आतल्या रंगीत तारांना ब्लेड लागू देऊ नका. तिन्ही तारा एकाच जागी जोडायच्या नाहीत, एका टोकाला लाल आखूड, पिवळी मधली, निळी लांब ठेवायची, दुसऱ्या टोकाला बरोबर उलट, म्हणजे जोड दोन-अडीच इंच अंतरानं पायरीसारखे येतात, एकमेकांना खेटत नाहीत आणि गाठोडंही होत नाही. व्ही-सिक्स पंप (सहा इंची बोअरचा) असेल तर साडेसहा इंची बोअरमध्ये पंपाच्या कडेला बोटभरसुद्धा जागा राहत नाही, तिथं जाडजूड जोड आला की केसिंगला घासणार, म्हणून जोड पंपाच्या वर, पाइपाच्या अंगाला ठेवायचा.

स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, आधी तारेत ओवून घ्या! पक्का जोड करून झाल्यावर स्लीव्ह बाजूला पडलेली दिसते आणि सगळे एकमेकांकडं बघतात, हे मी स्वतः केलेलं आहे, एकदा नाही. जोड तांब्याच्या नळीत दोन्ही टोकं घालून क्रिम्पिंगच्या पकडीनं दाबायचा, हातोडीनं चेपायचा नाही. दाबल्यावर जोर लावून ओढून बघा, सुटायचा असेल तर इथंच सुटू दे. पीळ मारून वर डाग (सोल्डर) द्यायची जुनी पद्धतही चालते पण डाग नीट आत भिनायला पाहिजे, वरवर नको.

मग वरचं प्लास्टिक पॉलिश पेपरनं हलकं खरखरीत करा, थिनरच्या फडक्यानं पुसा आणि परत हात लावू नका, घामाचा हात लागला की चिकटत नाही. स्लीव्ह आतून डिंकवाली घ्या, साधी घेतली तर ती नुसता अंगरखा. दुकानात साध्यालाच चांगली म्हणून देतात तेव्हा आत बोट घालून बघा. प्रत्येक तारेला वेगळी स्लीव्ह, मधून टोकांकडं गरम करत जायचं, दोन्ही टोकांतून डिंकाचा मणी बाहेर आला की बसली. काडीपेटी आणि कागद पेटवून करू नका, एकीकडं जळतं दुसरीकडं कच्चं राहतं. तिन्ही झाल्या की वरून एक मोठी, ती घासू नये म्हणून. चपट्या केबलीवर तिच्या कडेला फट राहतेच, त्यामुळं पाणी अडवायचं काम आतल्या तिघींचं. स्लीव्ह नाही मिळाली तर स्वतःलाच चिकटणारी रबर टेप मिळते, तिच्या पाठीची प्लास्टिकची फीत काढायची, चांगली ताणायची आणि उघड्या तांब्याच्या दोन इंच अलीकडून सुरू करून दोन इंच पलीकडं, अर्ध्यावर अर्धी चढवत गुंडाळायची, मग तिच्यावर ती काळी टेप.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि कुणीच करत नाही ते. जोड गार झाला की बादलीभर पाण्यात बुडवा, केबलीची दोन्ही टोकं कोरडी, बाहेर. चहा पिऊन या, शक्य असेल तर रात्रभर राहू द्या. मग ५०० व्होल्टचा मेगर (करंटची गळती तपासायचं मीटर), एक वायर तिन्ही तांब्यांना एकत्र, दुसरी पाण्यात बुडवलेल्या उघड्या तारेला. नुसत्या जोडाचा काटा जवळजवळ अनंताला गेला पाहिजे. गेला नाही तर सोडायचा नाही, कापून परत. मल्टिमीटरवर भागवू नका, त्याच्या बॅटरीच्या चार-दोन व्होल्टांना बारीक गळती दिसत नाही. मोटर खाली सोडून झाल्यावर, पेटीतून तारा सोडवून, परत एकदा मेगर. नवी मोटर असेल तर २ मेगाओमच्या वर यायला हवा, वापरातली असेल तर अर्धा ते दोनमध्येही चालवतात, अर्ध्याच्या खाली आला तर कुठंतरी गळतंय आणि बोअरवाल्याची घोडी (मोटर वर काढायची तिवई) अजून उभी आहे तोवरच काढून बघा. तो आकडा पेटीच्या दारावर आतून पेननं तारखेसकट लिहून ठेवा, पुढच्या वर्षी कामाला येतो.

सोडताना केबल पाइपाला दर १० फुटाला बांधत जा, पण तारेनं आवळून नाही. पाइप एचडीपीईचा असेल तर पाण्यानं भरल्यावर वजनानं लांबतो, केबल ताठ बांधली असेल तर सगळी ओढ जोडावर, म्हणून दोन बांधांच्या मधे जरा सैल ठेवा. केबलीला धरून पंप उचलणं, अडकला म्हणून केबल ओढणं, हे बघितलं की माझं डोकं फिरतं, त्यासाठी दोर असतो.

प्रश्न : आम्ही राजापूर तालुक्यातले. घरची विहीर आहे, १ एचपीचा सिंगल फेज ओपनवेल पंप पाण्यात बसवलाय. यंदा पाणी खाली गेल्यावर पंप खाली सोडला आणि केबलला टेपचा जोड दिला, तो पाण्यातच आहे. आता पंप चालू असताना रहाटाच्या लोखंडाला हात लावला की हाताला झिणझिण्या येतात. सुट्टीत मुलं विहिरीत पोहतात म्हणून काळजी वाटते.

उत्तर : ताई, हे वाचून होईपर्यंत कुणालातरी मेन बंद करायला पाठवा. झिणझिण्या म्हणजे करंट पाण्यात आणि लोखंडात उतरतोय, आज कोरड्या पायानं उभ्या होतात म्हणून झिणझिण्यांवर भागलं. जोड दुरुस्त होईपर्यंत मुलांना विहिरीकडं फिरकू देऊ नका, आणि दुरुस्त झाल्यावरही पंप चालू असताना पाण्यात कुणीही नाही. स्विच बंद आहे एवढ्यावर विसंबू नका, तो बऱ्याचदा न्यूट्रलवर बसवलेला असतो आणि फेज तशीच जिवंत राहते, प्लग काढून ठेवायचा.

उघड्या विहिरीला पाण्यात जोड ठेवायचं कारणच नाही. पंपापासून कठड्याच्या वरपर्यंत एक अखंड केबल, जोड वर भिंतीला, पावसाचं पाणी जाणार नाही अशा डब्यात, केबल खालच्या बाजूनं आत घेतलेली. तीन तारांतली हिरवी अर्थिंगची असते, ती पंपाच्या अंगाला खरंच जोडलीय का आणि वर अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत जाते का ते वायरमनकडून बघून घ्या, बऱ्याच ठिकाणी ती कापून दुमडून ठेवलेली सापडते. आणि पंपाच्या लाइनला ३० मिलीअँपियरची आरसीसीबी (करंट गळाला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) बसवा. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते का बघायचं. ती वारंवार पडायला लागली की लोक तिला बायपास करतात, तसं करू नका, ती पडतेय म्हणजे कुठंतरी गळतंय.

प्रश्न : केबल जोडल्यापासून मोटर चालते, अँपियर पण ठीक आहेत, पण पाणी निम्मंच येतं. थ्री फेज आहे.

उत्तर : जोडताना दोन रंग इकडचे तिकडं झालेत, मोटर उलटी फिरतेय. मेन बंद करून पेटीत कुठल्याही दोन फेज अदलाबदल करा, मोटर वर काढायची गरज नाही. सिंगल फेज बोअरच्या मोटरीला मात्र हा उपाय लावू नका, तिथं तिन्ही तारांची कामं वेगळी असतात, रंग चुकले तर वाइंडिंग जळतं. पॅनलच्या झाकणात आतून नकाशा चिकटवलेला असतो तो बघूनच जोडा.

प्रश्न : डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) पेटीपर्यंत ॲल्युमिनियमची वायर आहे, तिला तांब्याची केबल पीळ मारून जोडली तर चालेल का?

उत्तर : नाही. दोन धातू आणि त्यात पावसाळी ओल, ॲल्युमिनियम खाल्लं जातं, जोड सैल होतो, तापतो आणि एक फेज जाते. दोन धातूंची नळी मिळते ती वापरा नाहीतर कनेक्टरच्या वेगवेगळ्या स्क्रूखाली घ्या. डीपीकडच्या बाजूला तुम्ही किंवा तुमचा वायरमन हात घालू नका, ते लाइनमनचं काम. आणि कापलेले तांब्याचे तुकडे बांधावर टाकू नका, भंगारवाला वजनावर घेतो.