माळ्यावर सापडलेला जुना फ्लाय रॉड ट्राऊटसाठी चालेल का?

तुम्ही विचारलंय की मामांनी लहानपणी दिलेला फायबरग्लासचा फ्लाय रॉड (नकली माशी फेकून मासे धरायची काठी) माळ्यावर सापडला, पुढच्या वर्षी हिमाचलात ट्राऊट धरायला जायचंय, तर हाच न्यावा की नवा ग्रॅफाइटचा, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचा घ्यावा, आणि हात परत बसायला किती वेळ लागेल.

हाच न्या. कोणी काहीही सांगो, हाच न्या.

खराब होते ती लाइन, म्हणजे रॉडने फेकायची जाड दोरी. तिच्यावरचा प्लास्टिकचा लेप आपल्याकडच्या पत्र्याखालच्या माळ्यावर, चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत, कडक होऊन तडकतो. मग ती रिंगांतून सरकत नाही आणि पाण्यावर तरंगत नाही. ती बदला. लीडर, म्हणजे लाइन आणि हूक यांच्यामधला नायलॉनचा बारीक दोरा, तो तर ओढून बघायचेही कष्ट घेऊ नका, फेकून द्या. जुन्या माश्या, म्हणजे हुकावर पिसं बांधून केलेले नकली किडे, त्यांची पिसं कसरीने खाल्लेली असतील, हूक गंजलेले असतील, तेही नवे घ्या. रॉडची कांडी मात्र उन्हाने मरत नाही. रॉडवर मुठीच्या वर नंबर लिहिलेला असेल, त्याच नंबरची लाइन घ्या. सहा नंबर म्हणजे लाइनच्या पहिल्या तीस फुटांचं वजन १६० ग्रेन, दहा ग्रॅमच्या थोडं वर. फ्लाय फिशिंगमध्ये माशीला वजनच नसतं, लाइनचं वजन फेकलं जातं, म्हणून इथे चूक चालत नाही.

आता मी हे एवढ्या ठासून का सांगतोय ते ऐका.

माझे वडील भुसावळला लोको शेडमध्ये होते. रेल्वे कॉलनीच्या कडेला एक निवृत्त अँग्लो-इंडियन मेल ड्रायव्हर राहायचे. आम्ही पोरं त्यांना अंकल म्हणायचो. तरुणपणी ते रजा काढून नीलगिरीत ट्राऊट धरायला जात. इंग्रजांनी तिथल्या थंड ओढ्यांत हा मासा आणून सोडला होता. आपल्या तापीत ट्राऊट कुठून येणार, त्याला वीस डिग्रीच्या आतलं पाणी लागतं. पण अंकल मला तापीवर नेत आणि हुकाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून लाइन फेकायला लावत. "रुको बाबा, रुको," एवढंच म्हणायचे. मागे गेलेली लाइन पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मगच हात पुढे. मी घाई केली की लाइन मागच्या बाभळीत. पुढे ते मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेले, तेव्हा रॉड आणि रीळ मला देऊन गेले. भुसावळच्या कारकुनी वस्तीतल्या पोराला कोणी एवढं विश्वासाने काही दिलं नव्हतं.

नोकरी, लग्न, घर यात तो रॉड कापडात गुंडाळून पडला. मग आमचे जिजाजी पुण्यात या छंदाला लागले आणि हिमाचलातल्या तीर्थन नदीवर जायचं ठरलं. मी रॉड काढला तर जिजाजी म्हणाले, "अरे भो, हे काठी कायले घेतली? याच्यात जोर नाही. वाऱ्यात एक फेक जायची नाही." त्यांचा ग्रॅफाइटचा, महागातला. पंजाब मेलने दिल्ली आणि तिथून मनालीच्या बसने औटपर्यंत हीच चर्चा. बहिणीसमोर, भाच्यांसमोर. मी ऐकून घेतलं, कारण जिजाजी वडीलधारे.

तीर्थनला गुशैणीच्या वर नदी मोठमोठ्या दगडांतून उड्या मारत येते. मासा धारेत राहत नाही. दगडामागच्या संथ पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि वरून वाहत येणारं खातो. म्हणून त्याच्या मागून, म्हणजे खालच्या बाजूने जायचं आणि वीस-पंचवीस फुटांवर हलकेच माशी टाकायची. जिजाजी पलीकडच्या काठापर्यंत फेकत होते. फेक देखणी होती, नाही म्हणणार नाही. पण मधल्या जोरदार धारेने लाइन पकडली की माशी पाण्यावर फराफरा ओढली जाते, आणि असा किडा ट्राऊटने जन्मात पाहिलेला नसतो. तो बघतही नाही. माझा फायबरचा रॉड मुठीपर्यंत वाकतो, थोडी लाइन बाहेर असली तरी त्याला तिचं वजन कळतं. जवळच्या फेकीला याहून चांगलं काही नाही. एका काळ्या दगडामागे माशी पडली आणि ब्राऊन ट्राऊट आला. अंगावर फिकट कड्यांतले लाल ठिपके. त्याने जोरात मुसंडी मारली, रॉडने ती मऊपणे झेलली, म्हणून केसासारखा बारीक टिपेट, म्हणजे लीडरचं शेवटचं टोक, तुटला नाही. ताठ रॉडवर तो तुटतो, आणि त्या दिवशी जिजाजींचा तुटला. ते अजून म्हणतात की ते माझं नशीब होतं. नशीब नव्हतं. लांब फेकायला ग्रॅफाइट चांगला, मोठ्या तळ्यावर, वाऱ्यात. डोंगरातल्या ओढ्यावर लांब फेकायचंय कोणाला? ग्रॅफाइट बाजारात आला तो १९७० च्या दशकात. कुल्लूकडे ट्राऊट सोडला १९०९ मध्ये. मधली साठ-पासष्ट वर्षं लोक तिथे मासे धरतच होते की! जिजाजी हे वाचतीलच, त्यांनी याचं उत्तर द्यावं.

हात बसायचं विचाराल तर हात विसरत नाही, घाई करायला लागतो एवढंच. खळ्यावर नाहीतर मोकळ्या वावरात लोकर बांधून रोज संध्याकाळी थोडं फेका. फायबरचा रॉड संथ असतो, मागे जास्त थांबावं लागतं. वळून लाइन उलगडताना बघा.

हो, न्यायच्या आधी रॉड तपासा. रिंगांतून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर तिथे धार आली आहे, ती रिंग बदला, नाहीतर नवी लाइन सोलून निघेल. जोड हलतो का बघा, हलला तर डिंक सुटलाय, परत चिकटवून घ्या. कांडीलाच तडा असेल तर मात्र माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि नवा रॉड घ्या, पण फायबरचाच. डास पळवायचं मलम लावलेल्या हाताने लाइनला शिवू नका, लेप विरघळतो. मत्स्य विभागाचा परवाना काढल्याशिवाय पाण्यात उतरू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राऊटला बंदी असते, आणि पावसाळ्यात पाणी गढूळ. मार्च ते जूनची सुरुवात बघा, नाहीतर ऑक्टोबर.