सेकंड पीयूत (कर्नाटकातली बारावी) आहेस ना, मग स्कॉलरशिपची तयारी आत्ताच लाव

घाबरू नको बाळा, फॉर्म भरणं अर्ध्या तासाचं काम आहे, वेळ जातोय तो कागदात. म्हणून रिझल्टची वाट न बघता पहिलं नाडकचेरीत (आपल्या भागातलं महसूल ऑफिस) जा आणि उत्पन्नाचा, जातीचा दाखला काढ. त्यावरचा आरडी नंबर (दाखल्याचा नंबर) एसएसपी पोर्टलला, म्हणजे कर्नाटक सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाइटला, लागतोय, वहीत लिहून ठेव.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. आपल्याकडं आधारवर नाव, वडलांचं नाव, आडनाव असं पूर्ण असतंय आणि एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्सकार्डावर नुसतं इनिशियल, त्यात कन्नडमधनं इंग्लिशमध्ये लिहिताना एखादं अक्षर बदललेलं. दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर बोट लावून बघ, आजच. माझं फक्त एक 'ए' जास्त होतं तर अख्खं वर्ष गेलं, आईनं फीसाठी बचत गटातनं पैसे उचलले, ते अजून आठवतंय मला.

दुसरं म्हणजे बँक. "आधार लिंक आहे" म्हणाले तरी एनपीसीआय सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे जमा व्हायला आधार त्या खात्याला जोडणं, झालंय काय हे वेगळं विचार, पैसे त्या जोडलेल्या खात्यातच येतात. खातं तुझ्याच नावाचं पाहिजे, बाबांचं चालत नाही.

आणि हे दोन नक्की कर:
- मार्क चांगले पडले तर एनएसपीवरची (केंद्र सरकारचं स्कॉलरशिप पोर्टल) सेंट्रल सेक्टर स्कीम ही स्कॉलरशिप बघ, घरचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखाच्या आत लागतंय, डिग्रीला वर्षाला 12,000 मिळतात.
- शेवटच्या तारखेला सायबरमध्ये जाऊ नको, सर्व्हर लोळतोय.

एज्युकेशन लोन, रिन्यूअल वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नको. दाखला हातात आला की सांग, फॉर्म दोघं मिळून भरू.